वारशाला रंधा नको

नवरात्र आले की महाराष्ट्रातल्या अनेक घरांत कुलूपबंद कपाटातली बंदूक बाहेर निघते. खंडेनवमीला तिची पूजा होते, घरातली पोरेटोरे भोवती जमतात, आजोबा-पणजोबांच्या आठवणी निघतात. त्याच वेळी कोणीतरी म्हणते, ‘लाकूड फार काळवंडले आहे, एकदा चांगले पॉलिश करून घेऊ.’ सूचना आपुलकीतूनच आलेली असते. पुढे मात्र घडते ते असे : दस्ता काचकागदाने पांढरा पडेपर्यंत घासला जातो, त्यावर फर्निचरचे चकचकीत पॉलिश चढते आणि शंभर वर्षांच्या वापराने लाकडावर जे उमटले होते ते एका दुपारीत भुशाबरोबर झाडून टाकले जाते. हे नुकसान भरून निघत नाही. म्हणून विषय लहान वाटला तरी त्यावर सविस्तर लिहिण्याची गरज आहे.

या बंदुका आपल्याकडे आल्या कशा, हे आधी लक्षात घ्यायला हवे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याची बंदी घातली. परवाना मिळणे हीच मोठी गोष्ट झाली आणि घरातली बंदूक प्रतिष्ठेची खूण ठरली. संस्थानिक, सरदार, इनामदार, पाटील, खोत, वनखात्यातले अधिकारी यांच्या घरांत बारा बोअरच्या दुनळी बंदुका आल्या. त्यांतल्या कित्येक इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या, कित्येक बेल्जियममधल्या लीएजच्या. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या सरकारी कारखान्याच्या दुनळ्याही त्यांत मिसळल्या. कोकणात याच्या जोडीला शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका आणि जुन्या ठासणीच्या बंदुका आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला आणि यांतल्या बहुतेक बंदुका कपाटात गेल्या. आज त्या मुख्यतः आठवण म्हणून घरात आहेत. आठवण म्हणून ठेवलेल्या वस्तूची काळजी वापरातल्या अवजारापेक्षा वेगळ्या रीतीने घ्यावी लागते. गल्लत होते ती इथेच.

चांगल्या दुनळीचा दस्ता बहुधा अक्रोडाचा असतो. बंदूक बनवणाऱ्यांनी शतकानुशतके अक्रोडच निवडला, त्याला कारणे आहेत. हे लाकूड फार जड नाही, बाराचा धक्का सोसते, सुकल्यावर सहजासहजी वाकत-पिळत नाही आणि बारीक कोरीवकाम धरून ठेवते. मुठीवर आणि नळ्यांखालच्या लाकडावर जी तिरप्या रेघांची बारीक चौकडी कोरलेली दिसते, ती शोभेपुरती नसते. घामेजलेल्या हातातून बंदूक निसटू नये म्हणून ती असते. मऊ लाकडात या चौकडीची टोके चार दिवसांत झिजतील. अक्रोडात ती पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. कोकणातल्या गावठी बंदुकांचे दस्ते काही वेळा स्थानिक लाकडाचे असतात. सागाला स्वतःचे तेल असते, त्यावर बाहेरून लावलेले तेल वाळायला वेळ लागतो. म्हणून लाकूड कोणते आहे हे पाहिल्याशिवाय कोणताही उपचार सुरू करू नये.

या लाकडावर उत्तम इंग्रजी कारागीर वार्निशाचा थर चढवत नसत, जवसाचे तेल मुरवत. एक-दोन थेंब तेल घ्यायचे, तळहाताने लाकूड गरम होईपर्यंत चोळायचे, वर उरलेले पुसून काढायचे, वाळू द्यायचे आणि पुन्हा तेच. हे काम कित्येक आठवडे चाले. तेलात लालसर छटा यावी म्हणून ते अल्कानेट नावाच्या वनस्पतीची मुळे भिजत घालत. आपल्याकडे केसांच्या तेलात आणि काश्मिरी रोगन जोशमध्ये जी रतनजोत घालतात, ती याच कुळातल्या वनस्पतींची मुळे. तिचा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. जुन्या इंग्रजी दस्त्याला उन्हात धरल्यावर आतून जो तांबूस उजाळा दिसतो, त्यात या मुळांचा वाटा असतो. काचकागदाने वरचा पापुद्रा काढला की तो रंग आधी जातो.

मग लाकूड काळवंडते का? त्याची दोन मुख्य कारणे आहेत आणि दोन्ही वेगळी ओळखता आली पाहिजेत. पहिले कारण म्हणजे हात. मूठ जिथे धरली जाते, गाल जिथे टेकतो, तिथे घाम, तेल आणि धूळ मुरून गडद, गुळगुळीत झाक येते. हा मळ नव्हे. तो वापराचा दाखला आहे. दुसरे कारण म्हणजे यंत्रणेला घातलेले तेल. बंदूक वर्षानुवर्षे नळी वर करून कपाटात उभी ठेवली की घोड्यांच्या यंत्रणेतले तेल खाली उतरते आणि दस्त्याच्या पुढच्या टोकात, नेमके जिथे लाकूड पोलादाला भिडते तिथे मुरते. हे लाकूड काळे पडते, पुढे मऊही होते. बाराचा सगळा धक्का याच जागी बसत असल्याने तिथे चिरा पडतात. पहिली काळी झाक राखायची असते आणि दुसरीवर इलाज करायचा असतो. सरसकट घासणारा माणूस पहिली काढून टाकतो आणि दुसरी आत तशीच ठेवतो.

लाकडाचा आणखी एक शत्रू आपल्या हवेत आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडातला ओलावा कालांतराने ९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. आर्द्रता ९० टक्के झाली की तो २० टक्क्यांकडे जातो. कोकणातला पावसाळा आणि त्यानंतरचा कोरडा हिवाळा यांत लाकूड दरवर्षी फुगते आणि आकसते. जिथे लाकडाखाली पोलाद दडलेले आहे तिथे ओलावा अडकून गंज धरतो, तो बाहेरून दिसतही नाही. कापडी किंवा चामडी म्यानात बंदूक पावसाळाभर ठेवणे म्हणूनच घातक आहे. ती कोरड्या, हवेशीर, कुलूपबंद कपाटात असावी आणि दीर्घकाळ ठेवायची असेल तर नळ्या खाली आणि दस्ता वर, असे ठेवणे लाकडाच्या हिताचे.

काचकागदाचा धोका रंगापुरता नाही. चांगल्या बंदुकीत लाकूड आणि पोलाद यांची सांध केसाएवढी बारीक असते. कारागीर लाकूड पोलादापेक्षा किंचित उंच ठेवतो, म्हणजे पुढच्या काळात थोडी झीज झाली तरी ते पोलादाच्या पातळीला येते. एकदा जोरात घासले की लाकूड खाली जाते आणि पोलादाची कड बोटाला लागू लागते. बाजूच्या सपाट भागांच्या धारदार कडा गोल होतात, चौकडीची टोके बोथट होतात, दस्त्याच्या खालच्या बाजूला बसवलेली आद्याक्षरांची चांदीची छोटी पट्टी लाकडाच्या वर येते किंवा तिच्यावरची अक्षरेच पुसली जातात. घरातले वडीलधारे ज्या अक्षरांवरून ‘ही पणजोबांची’ असे सांगतात, तीच नाहीशी होतात. बरे, काढलेले लाकूड परत लावता येत नाही. नंतर जाणकाराकडे नेले तरी तो एवढेच सांगू शकतो की इथे पूर्वी काहीतरी होते.

मेलामाइन किंवा पीयू पॉलिशचे दुखणे वेगळे आहे. फर्निचरसाठी ही पॉलिशे चांगली आहेत. पण ती लाकडावर प्लॅस्टिकसारखा थर करतात. तो पोचा बसला की तडकतो, खालून ओलावा शिरला की पांढरा पडून सुटतो, आणि दुरुस्त करायचा तर सगळा खरवडून काढावा लागतो. तेलाचा दस्ता खरचटला तर तेवढ्याच जागी तेल मुरवता येते. चपड्याचे, म्हणजे लाखेचे पॉलिश स्पिरिटने उतरवता येते. ज्या उपचारातून मागे फिरता येते तो पत्करावा, ज्यातून येत नाही तो टाळावा, हा वस्तुसंग्रहालयांचा नियम घरातल्या बंदुकीलाही तंतोतंत लागू पडतो.

मग करावे काय? सर्वांत आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करावी. घरातल्या एकाने पाहिले तरी दुसऱ्याने पुन्हा पाहावे. त्यानंतर सर्व बाजूंनी, विशेषतः खुणा, अक्षरे, चिरा आणि सांधे यांचे जवळून फोटो काढून ठेवावेत. मग सफाई. मिनरल टर्पेंटाइनने जेमतेम ओलसर केलेल्या मऊ सुती फडक्याने लाकूड हलक्या हाताने पुसावे आणि चौकडीतला मळ मऊ टूथब्रशने काढावा. फडके काळे होते, लाकूड उजळते आणि बहुतेक वेळा घरच्यांच्या लक्षात येते की पॉलिशची गरजच नव्हती. अशा दस्त्यावर मेणाचा एक पातळ हात देऊन थांबावे. थांबता येणे हेच या कामातले खरे कसब आहे.

पोचे असतील तर तेही खरवडून सपाट करण्याची गरज नसते. पोच्यात लाकडाचे तंतू दाबले गेलेले असतात, तुटलेले नसतात. जिथे वरचा लेप आधीच गेला आहे अशा जागी ओल्या सुती फडक्याची घडी पोच्यावर ठेवून गरम इस्त्रीचे टोक तीन-चार सेकंद टेकवावे. वाफ तंतूंत शिरते, ते फुगतात आणि खळगा डोळ्यांदेखत वर येऊ लागतो. लाकूड गार होऊ द्यावे, पाहावे, लागल्यास पुन्हा करावे. जिथे तंतू कापले गेले आहेत, म्हणजे खोल ओरखडा किंवा टवका आहे, तिथे वाफेचा उपयोग नाही. तो ओरखडा राहू द्यावा. लेप शाबूत असलेल्या जागी हा प्रयोग करू नये, लाखेचा लेप उष्णतेने आणि वाफेने पांढरा पडतो.

यंत्रणेच्या तेलाने काळे पडलेले टोक हे मात्र जाणकाराचे काम आहे, कारण त्यासाठी दस्ता पोलादापासून वेगळा करावा लागतो. तिथे ताणलेल्या स्प्रिंगा असतात आणि जुन्या स्क्रूंच्या खाचा इतक्या अरुंद असतात की बाजारातला पेचकस घसरून त्या फाटतात. दस्ता सुटा झाल्यावर खडूची पूड किंवा मुलतानी माती द्रावकात कालवून त्या टोकावर थापतात. द्रावक उडून जाताना आतले तेल वर ओढले जाते आणि मातीत उतरते. माती पिवळट-तपकिरी झाली की झाडून नवी थापायची, ती कोरी राहीपर्यंत. वेळखाऊ उपाय आहे, पण लाकडाचा कणही जात नाही. कॉस्टिक सोड्याने तेल चटकन निघते, त्याबरोबर लाकडाचा रंग आणि तंतूंचा जोरही जातो.

लेप खरोखरच संपला असेल, लाकूड कोरडे-करडे दिसत असेल, तेव्हाच नवे तेल. त्यासाठी कच्चे जवस तेल न घेता रंगाच्या दुकानात मिळणारे डबल बॉइल्ड तेल घ्यावे. कच्चे तेल वाळायला कित्येक दिवस घेते आणि आपल्याकडच्या दमट हवेत चिकट राहते. पावसाळ्यात हे काम काढूच नये. थेंबभर तेल तळहाताने चोळावे, दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने सगळे पुसून काढावे, पूर्ण वाळू द्यावे, मगच दुसरा हात. पाच-सहा पातळ हात एका जाड हातापेक्षा कितीतरी चांगले. तेल लाकडाला ‘पोसते’ ही समजूत खरी नाही. जवस तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, कालांतराने गडद होते आणि मग सहज निघत नाही. म्हणूनच संग्रहालये शाबूत लेपावर तेल लावत नाहीत. गरज नसलेल्या लाकडाला दर दसऱ्याला तेल चोपडणे हीही एक हानीच आहे.

या तेलाचा आणखी एक गुण प्रत्येक घराला माहीत असलाच पाहिजे. वाळताना ते उष्णता सोडते. तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून एका कोपऱ्यात किंवा डब्यात टाकल्या तर ती उष्णता आत कोंडते आणि चिंध्या काडी न लावता पेटतात. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात २३ फेब्रुवारी १९९१ रोजी वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला लागलेली आग लाकूडकाम करणाऱ्यांनी मागे ठेवलेल्या जवस तेलाच्या चिंध्यांपासून सुरू झाली होती. तीत तीन अग्निशामक जवानांचा बळी गेला. काम झाल्यावर चिंध्या एकेक उलगडून उघड्यावर, दगडावर वाळत घालाव्यात किंवा पाण्यात बुडवून मग टाकाव्यात. तेल विकणाऱ्या दुकानदारानेही हे गिऱ्हाइकाला आवर्जून सांगायला हवे.

लाकडाइतकीच काळजी पोलादाची. खंडेनवमीला शस्त्रे चिंच, राख किंवा पितळेची पावडर लावून लखलखीत करण्याची रीत तलवारीच्या पितळी मुठीला चालून जाईल, बंदुकीला नाही. नळ्यांवरचा काळा-तपकिरी थर आणि मधल्या पोलादी भागावरची निळसर-तपकिरी ढगाळ रंगछटा अतिशय पातळ असते. एका घासणीत ती जाते आणि उघडे पोलाद लगेच गंजू लागते. पूजा अवश्य करावी. हळदकुंकू आणि फुले मात्र बंदुकीसमोर पाटावर वाहावीत. ओली फुले लाकडावर आणि पोलादावर रात्रभर राहू नयेत.

आता कायद्याचा भाग. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रांच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. शेजारच्या सुताराकडे किंवा पॉलिशवाल्याकडे अख्खी बंदूक चार दिवस ठेवून येणे म्हणजे विनापरवाना माणसाच्या ताब्यात शस्त्र देणे होय, आणि अडचणीत दोघेही येतात. परवानाधारक सोबत असताना किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्या व्यक्तीला दुरुस्तीसाठी बंदूक नेता येते, ही सवलत कलम ३ मध्ये आहे. ती अधिकृत दुरुस्तीकाराकडे नेण्यापुरतीच समजावी. परवानाधारकाचे निधन झाल्यावर बंदूक कपाटात तशीच ठेवता येत नाही. ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका बाळगता येतात, वारसाहक्काने आलेल्या धरूनही. काही घरांना त्यामुळे कोणती ठेवायची हे ठरवावे लागले. अशा वेळी पॉलिश केलेली कोणती, हे न पाहता मूळ रूपात राहिलेली कोणती, हे पाहावे.

आणखी एक इशारा. दस्ता सुंदर दिसू लागला म्हणजे बंदूक उडवण्याजोगी झाली असे नव्हे. जुन्या इंग्रजी दुनळ्यांची काडतुसाची जागा अनेकदा अडीच इंचांची असते. आजची पावणेतीन इंची काडतुसे त्यांत धोकादायक दाब निर्माण करू शकतात. काही नळ्या काळ्या दारूसाठीच तपासलेल्या असतात. नळ्यांच्या खालच्या बाजूला चाचणीगृहाचे शिक्के असतात. लंडन, बर्मिंगहॅम, लीएज यांचे वेगवेगळे. ते वाचू शकणाऱ्या अधिकृत जाणकाराने तपासल्याशिवाय आणि दस्त्याच्या पुढच्या टोकाला चीर नाही याची खात्री झाल्याशिवाय जुनी बंदूक उडवू नये.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. घर म्हणजे संग्रहालय नव्हे. वस्तू आमची, पूर्वज आमचे. ती देखणी दिसावी असे वाटले तर चूक काय? चूक काहीच नाही. दस्ता मोडलाच असेल, वाळवीने पोखरला असेल, तर नवा घडवणेही योग्य. तेव्हा जुना तुकडा टाकून न देता वेगळा जपून ठेवावा. आधीच कोणी मेलामाइन चढवले असेल तर ते जाणकाराकडून उतरवून तेलावर आणणेही योग्य. प्रश्न हौसेचा नाही, क्रमाचा आहे. आधी पुसून पाहावे, मग मेण, मग वाफ, मग तेल आणि सर्वांत शेवटी, अगदीच नाइलाज झाला तर, काचकागद. आपल्याकडे हा क्रम उलटा झाला आहे. शिवाय ज्या पिढीने ती बंदूक खांद्याला लावली तिच्या हाताची झीज त्या लाकडावर आहे. ती पुसण्याचा अधिकार आपल्याला असला, तरी पुढच्या पिढीला ती परत मिळवून देण्याची ताकद आपल्यात नाही.

या कामाची माहिती मराठीत सहज मिळत नाही, हीदेखील अडचण आहे. बंदुकींचे जुने जाणते दुरुस्तीकार कमी होत चालले आहेत आणि त्यांच्याबरोबर हे कसबही. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाने घरगुती शस्त्रांच्या जतनाची एक छोटी मराठी पुस्तिका काढावी, आणि जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवाना शाखेने परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी ती हातात द्यावी. खर्च किरकोळ आहे, उपयोग मोठा. परवानाधारक विक्रेत्यांनीही ‘नव्यासारखी करून देतो’ या जाहिरातीऐवजी ‘आहे तशी जपून देतो’ असे सांगायला सुरुवात करावी. तोवर वाचकांना आमची विनंती एवढीच : यंदा घरातली बंदूक बाहेर काढाल, तेव्हा लाकूड मऊ फडक्याने पुसा, फोटो काढा, घरातल्या वडीलधाऱ्यांना तिची हकिकत विचारून लिहून ठेवा आणि काचकागद तिच्यापासून दूर ठेवा.